‘छोडो’च्या आधी ‘मोडो’

२०२५ साली श्रावण अमावास्या २२ ऑगस्टला आली. वर्धा जिल्ह्यात गावोगावी बैलांची शिंगे रंगली, पाठीवर झुली चढल्या, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात लहानग्यांचे लाकडी नंदी मिरवले. शेतात कपाशी पात्या-फुलांवर होती. मात्र सणाच्या अवघे तीन दिवस आधी, १९ ऑगस्टपासून, केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क शून्यावर आणले होते. ही सवलत प्रारंभी ३० सप्टेंबरपर्यंत होती. पोळा आटोपून आठवडा उलटतो न उलटतो तोच ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. ज्या महिन्यांत हिंगणघाट-आर्वीचा शेतकरी वेचणी करून कापूस बाजारात आणू लागतो, नेमक्या त्याच महिन्यांत परक्या गाठींसाठी देशाचे दार सताड उघडे राहिले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता. खासगी व्यापाऱ्याची बोली त्याच्या खाली होती.

असे काही घडले की एक जुनी घोषणा पुन्हा ओठांवर येते : ‘जागतिक व्यापार संघटनेतून बाहेर पडा!’ या घोषणेमागचा संताप सर्वस्वी रास्त आहे. २००६ साली पंतप्रधानांना ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकरी आत्महत्यांसाठी विशेष मदत जाहीर करावी लागली, त्यांत वर्धा होता. ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, त्या घराला जागतिक व्यापाराचे तत्त्वज्ञान ऐकविण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु संताप रास्त असला म्हणून त्याचा पत्ता बरोबर असतोच असे नाही. कापसावरचे शुल्क काढून टाका, असा कोणताही हुकूम जिनिव्हाहून आलेला नव्हता. भारताने या संघटनेत कच्च्या शेतमालावर साधारणपणे १०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा राखून ठेवलेली आहे. शंभराची मुभा असताना अकरा लावणारी, आणि ते अकराही पुसून टाकणारी लेखणी दिल्लीचीच होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

तीन क्रियापदांची घोषणा

या घोषणेचे मूळ शोधायला फार दूर जावे लागत नाही. दत्तोपंत ठेंगडी यांचा जन्म १० नोव्हेंबर १९२० रोजी याच जिल्ह्यातील आर्वीचा. १९५५ साली भारतीय मजदूर संघ, १९७९ साली भारतीय किसान संघ आणि १९९१ साली नागपुरात स्वदेशी जागरण मंच, अशा तीन संघटना उभ्या करणाऱ्या या द्रष्ट्या पुरुषाने डंकेल प्रस्तावातील धोका आरंभीच ओळखला. डिसेंबर १९९१ मध्ये तो प्रस्ताव आला. १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे तत्कालीन वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी करारावर स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. शेतकऱ्याचे बियाणे, औषधांचे पेटंट, देशाचे आयातशुल्क या सर्वांवर एकदम परिणाम करणारा करार. पण त्यावर संसदेचे शिक्कामोर्तब घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. राजकीय स्वातंत्र्यानंतर आता आर्थिक स्वातंत्र्याचा लढा आहे, हे ठेंगडींनी त्या काळात देशभर सांगितले. पुढे दिल्लीत विचाराने जवळचे सरकार आले, तरी त्यांचा स्वर बदलला नाही. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा बांध फुटला, तेव्हा त्याच महिन्यात रामलीला मैदानावर मजदूर संघाच्या विराट मेळाव्यातून त्यांनी अटलजींच्या सरकारच्या आर्थिक धोरणावर परखड टीका केली. सत्तेत कोण आहे हे पाहून भूमिका ठरविण्याची रीत त्यांच्या पठडीत नव्हती.

स्वदेशी चळवळीची घोषणा त्या काळात गाजली : ‘डब्ल्यूटीओ मोडो, तोडो, छोडो.’ वक्त्यागणिक शब्दांचा क्रम पुढेमागे होत असे. पण क्रियापदे तीन होती. येथे एक भाषिक गंमत ध्यानात घेतली पाहिजे. मराठी कानाला ‘मोडा’ आणि ‘तोडा’ एकाच अर्थाचे वाटतात. हिंदीत मात्र ‘मोडना’ म्हणजे वळविणे. घोषणेचा खरा अर्थ असा की, ही व्यवस्था आपल्या हिताच्या दिशेने वळवा. वळत नसेल तर तिची पकड तोडा. तेही होत नसेल तर ती सोडा. यात पायऱ्या आहेत, पूर्वतयारी आहे, शेवटचा उपाय शेवटी ठेवण्याचे तारतम्य आहे. पंचवीस वर्षांत या तीन क्रियापदांतील पहिली दोन विस्मरणात गेली आणि तिसरे तेवढे भिंतींवर उरले.

एका दारावर चार तोंडे

आज या प्रश्नावर देशात निदान चार मते आहेत. पहिले मत ‘उद्याच बाहेर पडा’ म्हणणाऱ्यांचे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी, अबुधाबीत व्यापारमंत्र्यांची परिषद सुरू होत असताना, संयुक्त किसान मोर्चाने हीच मागणी करीत देशभर दिवस पाळला. डाव्यांचा भरणा असलेला मोर्चा आणि स्वदेशीचे कार्यकर्ते एकाच घोषणेत भेटावेत, हा योग विलक्षणच! फरक असा की, मोर्चाच्या मागण्यांत बाहेर पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे, याचा आराखडा नाही.

दुसरे मत ‘फक्त शेती बाहेर काढा’ म्हणणाऱ्यांचे. ऐकायला हे सर्वांत समंजस वाटते. पण माराकेश कराराच्या पंधराव्या कलमाने ती वाट बंद केलेली आहे. सदस्य देशाने लेखी सूचना दिली की सहा महिन्यांनी तो बाहेर पडतो. मात्र मूळ करारातून आणि त्याला जोडलेल्या सर्व बहुपक्षीय करारांतून एकदमच. शेतीचे एक पान फाडून उरलेली वही जवळ ठेवता येत नाही. ते पान बदलायचे तर १६६ सदस्यांच्या सहमतीने, म्हणजे आत बसूनच.

तिसरे मत ‘आहे तेच उत्तम’ म्हणणाऱ्या अर्थपंडितांचे. जागतिकीकरणाला पर्याय नाही, हे त्यांचे पालुपद. ज्या अमेरिकेने ही व्यवस्था जगाच्या गळ्यात बांधली, तिनेच अपील मंडळावरील नेमणुका अडवून डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ निकामी केले. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या बहुतांश मालावर तिने ५० टक्के शुल्क लादले, तेव्हा संघटनेत स्वतःच दिलेल्या वचनाची तिला आठवण झाली नाही. यजमानच पंगतीचे नियम पायदळी तुडवीत असताना पाहुण्याने मांडी घालून नियमावली वाचीत बसावे, हा या पंडितांचा सल्ला आहे.

चौथे मत शरद जोशी यांचे. ते आता हयात नाहीत. पण विदर्भातील कापूस उत्पादकांत त्यांना मानणारा मोठा वर्ग आहे, म्हणून त्यांच्या मताची दखल सन्मानाने घेतली पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथील जागतिक टपाल संघटनेतील नोकरी सोडून कोरडवाहू शेतीत उतरलेल्या या माणसाने डंकेल प्रस्तावाचे उघड समर्थन केले. त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. भारतीय शेतकऱ्याला अनुदान मिळत नसून उलट सरकारच त्याच्याकडून वसुली करीत आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले. रोगाचे निदान अचूक होते. औषध मात्र चुकले. दिल्लीच्या जाचातून सोडविणारा जागतिक बाजार मुळात मुक्त नव्हताच. अमेरिकेच्या कापूस उत्पादकामागे त्याच्या सरकारची तिजोरी उभी होती आणि हिंगणघाटच्या शेतकऱ्यामागे सावकार.

ब्रिटनची फरफट

संघातून बाहेर पडणे म्हणजे काय, याचा धडा अलीकडेच जगासमोर घडला. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या जनतेने ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. कौल स्पष्ट होता, पण जिंकणाऱ्यांपाशी उत्तर नव्हते ते एकाच प्रश्नाचे : बाहेर पडायचे ते कसे? कोणाला संघाच्या बाजारपेठेशी नाते हवे होते, कोणाला सगळेच दोर कापायचे होते. आयर्लंडच्या सीमेवर चौक्या बसवायच्या की नाही, याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. जानेवारी २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, संसदेच्या संमतीविना सरकारला बाहेर पडण्याची सूचना देता येणार नाही. २९ मार्च २०१७ रोजी सूचना दिली गेली आणि मग घड्याळ ब्रिटनच्या विरोधात चालू लागले. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार २०१९ मध्ये त्यांच्याच सभागृहाने तीनदा फेटाळला. प्रत्यक्ष सुटका झाली ३१ जानेवारी २०२० रोजी, दोन पंतप्रधानांचे बळी घेऊन.

बाहेर पडणे चूक होते की बरोबर, हा ब्रिटनच्या जनतेचा प्रश्न. बोध वेगळाच आहे. सूचना आधी दिली आणि योजना नंतर शोधली, म्हणून एका समर्थ राष्ट्राची साडेतीन वर्षे फरफट झाली. भारताने जिनिव्हाला सूचना दिली तर हाती फक्त सहा महिने असतील. त्यानंतर भारताच्या मालावर एखाद्या देशाने कितीही शुल्क लावले तरी दाद मागायला जिनिव्हाचे दार उरणार नाही. १ जानेवारी २००५ रोजी कापडाच्या निर्यातीवरील जुनी कोटा पद्धत संपली, ती याच संघटनेच्या करारामुळे. ते संरक्षणही जाईल. कापड अडले तर सूत अडते, सूत अडले तर रुई अडते, आणि रुई अडली की जिनिंगच्या फाटकावर कापसाची गाडी अडते. शेवटचा फटका पुन्हा त्याच शेतकऱ्याला, ज्याच्या नावाने घोषणा दिली गेली.

जेथे वळविले तेथे वळले

‘मोडो’ शक्य आहे काय, असे विचारणाऱ्यांनी गेल्या पंचवीस वर्षांचा हिशेब पाहावा. बियाण्यांवर कंपन्यांची मक्तेदारी येणार, ही डंकेलविरोधी चळवळीची मुख्य भीती होती. त्या चळवळीचा रेटा असल्यामुळेच २००१ साली पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. शेतकऱ्याने आपले बियाणे राखावे, पेरावे, देवाणघेवाण करावे, विकावे हा त्याचा हक्क या कायद्याच्या ३९व्या कलमाने मान्य केला; ब्रँड लावून विकण्याला तेवढी मनाई राहिली. २००५ साली पेटंट कायदा बदलताना किरकोळ फेरफार करून जुन्याच औषधावर नवे पेटंट उकळण्याची वाट अडविली गेली आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळून त्यावर मोहोर उमटविली. हे सारे संघटनेत राहूनच घडले.

२००३ साली कानकूनच्या परिषदेत भारत, ब्राझील आदी देश एकत्र उभे राहिले आणि श्रीमंत देशांचा मसुदा कोसळला. जुलै २०१४ मध्ये अन्नसाठ्याचा प्रश्न सुटल्याशिवाय व्यापार सुलभीकरणावर शिक्का मारणार नाही, असे नव्या मोदी सरकारने ठणकावले. त्या वेळी भारत एकाकी पडल्याची ओरड देशातल्याच विद्वानांनी केली होती! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेला भारताशी तडजोड करावी लागली. आणि ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने ‘आरसीईपी’ करारात सामील होण्यास नकार दिला. चिनी मालाचा आणि परदेशी दुधाचा आणखी मोठा लोंढा येण्याची भीती यामुळे टळली. अनेक वर्षे वाटाघाटी करून, हिशेब मांडून, टेबलावरून उठून येणे म्हणजे काय ते तेथे दिसले. सोडायचे तर असे सोडावे.

खुद्द कापसाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने याच संघटनेत दावा लावला. २००५ साली अपील मंडळानेही ब्राझीलच्या बाजूने निकाल दिला, २००९ साली प्रतिशुल्काची मुभा मिळाली आणि अखेर २०१४ साली अमेरिकेने ३० कोटी डॉलर मोजून तडजोड केली. भारत त्या दाव्यात होता. पण त्रयस्थ पक्ष म्हणून, बाकावर बसून. जगातील सर्वांत मोठ्या कापूस उत्पादकांपैकी एक असलेल्या देशाने दुसऱ्याचा लढा पाहत बसावे, याचे दुःख कोणाला झाले?

दिल्लीच्या दाराची गोष्ट

आता दुसरी बाजू. जुलै २००८ मध्ये त्या वेळच्या संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने कापसावरील आयातशुल्क काढून टाकले. ते पुन्हा लागू व्हायला फेब्रुवारी २०२१ चा अर्थसंकल्प उजाडावा लागला. साडेबारा वर्षे बाहेरून येणाऱ्या कापसाला दार मोकळे. त्याच काळात, ५ मार्च २०१२ रोजी, विदर्भाचा कापूस बाहेर जाऊ लागताच निर्यातीवर बंदी आली. चहूकडून ओरड झाल्यावर ती सैल करावी लागली. येणाऱ्याला मुभा, जाणाऱ्याला बंदी! जगातील कोणत्याही व्यापार कराराने भारताला असे वागायला सांगितलेले नाही.

तेलाचेही तेच. वर्ध्याचा शेतकरी कपाशीबरोबर सोयाबीन पेरतो. पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा भारताजवळ आहे. सोयाबीन तेलावर मात्र ती ४५ टक्क्यांवर बांधलेली आहे. ही खरी बेडी, आणि तिच्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क २० वरून १० टक्के झाले, ते या बेडीमुळे नव्हे. शहरी ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे आणि गिरण्यांना रुई स्वस्त मिळावी, यासाठी प्रत्येक सरकारने शेतकऱ्याच्या खिशात हात घातला आहे. सरकारे बदलली, हात तोच राहिला. हे सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून या गोष्टीवर पांघरूण घालणे, हा ठेंगडींच्या शिकवणुकीशी द्रोह ठरेल.

जिनिव्हाचे जे खरे अन्याय आहेत, त्यांची चर्चा मात्र होतच नाही. शेतकऱ्याला दिलेले साहाय्य मोजण्यासाठी १९८६ ते १९८८ या काळातील किमती आधार म्हणून धरल्या जातात. चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाशी आजचा हमीभाव ताडला, तर प्रत्येक रुपया अनुदान दिसणारच. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने याच सूत्राच्या आधारे भारताच्या कापूस हमीभावावर जिनिव्हात आक्षेप नोंदविला; सरकारने खरेदी केलेला कापूस तेवढाच न मोजता देशात पिकलेला सगळा कापूस तिने हिशेबात धरला. वर्ध्याच्या हमीभाव खरेदी केंद्रावर टांगलेली खरी तलवार ही आहे. तिच्याबद्दल किती मोर्चे निघाले?

सुटकेची पूर्वतयारी

मग सोडण्याची भाषाच टाकून द्यावी काय? मुळीच नाही. ज्याला दारातून बाहेर पडता येते, त्याचाच शब्द आतल्या बैठकीत ऐकला जातो. ‘छोडो’ ही शेवटची पायरी राहिलीच पाहिजे, आणि त्या पायरीवर पाय ठेवण्याइतके बळ देशाने कमावले पाहिजे. त्यासाठीची कामे उघड आहेत.

मिळालेली मुभा आधी वापरली जावी. ऑक्टोबर ते मार्च या वेचणी आणि विक्रीच्या काळात कापसावरील शुल्क कमी करता येणार नाही, असे धोरण सरकारने लेखी जाहीर करावे. दुसरे, कोणताही आंतरराष्ट्रीय व्यापार करार संसदेच्या मंजुरीविना स्वीकारता येऊ नये आणि सोडताही येऊ नये, असा कायदा व्हावा. १९९४ साली ज्या आडदाराने देशाला आत नेले, त्याच आडदाराने त्याला बाहेर काढण्याची घाई कोणी करू नये. तिसरे, कापसाच्या लढ्यात भारताने बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार गरीब कापूस उत्पादक देशांना सोबत घ्यावे. अनुदानाचा मार त्यांनी आणि विदर्भाने सारखाच सोसला आहे.

आणि चौथे काम वर्ध्याच्या मातीतले. भारतात हेक्टरी रुई साडेचारशे किलोच्या आसपास निघते. ब्राझील त्याच्या चौपटीच्या घरात आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी वाणाचा तोरा उतरविला, तेव्हापासून कोरडवाहू शेतकऱ्याला विश्वासाचे बियाणे मिळालेले नाही. एके काळी हिंगणघाटच्या कापसाला त्या गावाच्या नावानेच परदेशच्या बाजारात ओळख होती. आज या जिल्ह्यातील कापसाचा मोठा भाग रुई होऊन बाहेर जातो आणि दुसऱ्यांच्या चात्यांवर चढतो. सरकी काढली, गाठ बांधली, पाठविली, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या जिल्ह्याला जगाच्या बाजाराचा भाव निमूट सोसावाच लागतो. सूत येथेच निघावे, कापड येथेच विणले जावे, हे सांगायला नव्या अर्थशास्त्राची आवश्यकता नाही. सेवाग्राम याच जिल्ह्यात आहे, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचे प्रयोग केले तेही याच ध्यासाने.

जागतिक व्यापार संघटना ही काही वेदवाणी नव्हे. ती राष्ट्रहिताला बाधक ठरली, वळविण्याचे सर्व प्रयत्न संपले, तर ती टाकून देण्यात भारताला संकोच वाटण्याचे कारण नाही. पण तो दिवस घोषणेने उगवत नाही. शुल्काचा अधिकार वापरणारे सरकार, कराराची पाने वाचणारी संसद आणि आपल्या कापसाचे सूत आपणच काढणारा जिल्हा, एवढे जमून आले तर कदाचित सोडण्याची वेळच येणार नाही. आली तर सोडणे अवघड जाणार नाही. आर्वीच्या ज्या सुपुत्राच्या चळवळीने ही घोषणा घुमविली, त्याच्या जिल्ह्याने ती पुन्हा उच्चारावी. मात्र तिन्ही क्रियापदांसह, आणि पहिल्यापासून.